पांघरावयाची कीं टांगावयाची?

अमेरिकेंत मे आणि जून हे पदवीचे महिने होत. मुलगा किंवा मुलगी हायस्कूल संपवून बाहेर पडते, अथवा कॉलेजची पदवी हातीं घेते, आणि घरचीं माणसें तिला कांहींतरी भेट देतात. कोणी पैसे देतात, कोणी घड्याळ देतात. पण तेथील कित्येक घरांत अशी एक रीत आहे कीं, आईनें किंवा आजीनें स्वतःच्या हातांनीं शिवलेली गोधडी या प्रसंगीं मुलाच्या स्वाधीन करावयाची. गोधडी हा शब्द आम्ही सोयीसाठीं वापरतों. तिकडे तिला क्विल्ट म्हणतात, आणि ती आमच्या गोधडीची सख्खी नसली तरी चुलत बहीण खास आहे. लहानमोठे तुकडे जोडून आकृति साधलेला वरचा पदर, खालीं अस्तर, मध्यें कापसाचा पातळ थर, आणि हे तिन्ही थर एकजीव करणारा बारीक धावदोरा, असा तिचा घाट. आमच्या बायका जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक अंथरून, जमिनीवर बसून, कडेकडेनें टांके घालीत जातात. तिकडे लांकडी चौकटीवर ती ताणून बसवितात आणि पुष्कळदां चार जणी चार बाजूंस बसून शिवतात. कामाचा जीव एकच, म्हणजे टाकाऊ कापडास दुसरा जन्म देणें.

अलीकडे या भेटीचा एक नवा प्रकार रूढ झाला आहे. शाळेंतील खेळ, मेळावे, नाटकें, सहली यांच्या निमित्तानें मुलाला मिळालेले टी-शर्ट आई वर्षानुवर्षें जपून ठेवते. त्यांवरील चिन्हें व अक्षरें मध्यभागीं येतील अशा बेतानें बारा ते पंधरा इंचांचे चौकोन कापते. विणीव कापड ताणलें जातें म्हणून त्याच्या पाठीस इस्त्रीनें चिकटणारें पातळ अस्तर लावते, चौकोनांच्या मध्यें पट्ट्या घालते, आणि कॉलेजच्या वसतिगृहांतील खाट बहुधा ३९ इंच रुंद व ८० इंच लांब असते हें ध्यानांत धरून माप ठरविते. मेहनत थोडी नाहीं. तथापि या प्रकाराविषयीं आमचें मत फारसें अनुकूल नाहीं. जुन्या गोधडींत आजीचा झगा असे, आजोबांचा सदरा असे, आत्याच्या लग्नांतील उरलेलें कापड असे; तिच्याखालीं निजणारें मूल दुसऱ्यांच्या आयुष्यांखालीं निजे. नव्या गोधडींतील प्रत्येक चौकोन त्या मुलाचाच असतो. अठराव्या वर्षीं ज्याला स्वतःवांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं, त्याला पांघरावयासही त्याचेंच चरित्र द्यावें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. आईनें रात्रीं जागून घातलेल्या टांक्यांचा उपमर्द करण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं.

या भेटीचा खरा प्रश्न कापडाचा नव्हे. शिकून घराला परक्या होऊं पाहणाऱ्या मुलाच्या हातीं घरानें आपली जुनी ऊब द्यावी, ती त्यानें घ्यावी कीं न घ्यावी, घेतल्यास तिचें काय करावें, हा तो प्रश्न आहे. आणि त्याचा जितका खोल विचार ॲलिस वॉकर या लेखिकेच्या एका लहानशा कथेंत झाला आहे, तितका आमच्या वाचनांत दुसरीकडे आला नाहीं. कथेचें नांव 'एव्हरीडे यूज'. १९७३ सालच्या 'इन लव्ह अँड ट्रबल' या संग्रहांत ती आहे, आणि अमेरिकेंतील विद्यार्थ्यांच्या कथासंग्रहांतून ती इतक्या वेळां छापली गेली आहे कीं, तिच्याविषयीं आतां नवें कांहीं बोलावयाचें राहिलें असेल काय, अशी शंका यावी. आमच्या मतें राहिलें आहे.

कथा सांगते ती आई. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील खेड्यांत राहणारी ही कृष्णवर्णीय स्त्री थोराड हाडाची, पुरुषी कामांनीं हात राठ झालेली. दुसरी इयत्ता झाली आणि १९२७ सालीं शाळा बंद पडली, तेथेंच तिचें शिक्षण संपलें. तिला दोन मुली. धाकटी मॅगी घराला लागलेल्या आगींत भाजलेली, अंगावर व्रण वागविणारी, दाराआड उभी राहणारी. थोरली डी रूपानें उजवी, बुद्धीनें तल्लख, कोणापुढें न वांकणारी. आईनें व चर्चमधील मंडळींनीं पैसे गोळा करून तिला ऑगस्टा येथें शिकावयास पाठविलें. आज ती बऱ्याच दिवसांनीं भेटीला येत आहे. मायलेकींनीं अंगण झाडून ठेवलें आहे. डी येते ती वांगेरो हें आफ्रिकी नांव धारण करून, बरोबर एक मित्र घेऊन, आणि तत्काळ छायाचित्र देणाऱ्या कॅमेऱ्यानें आईचें व घराचें चित्र टिपीत. जेवण झाल्यावर लोणी घुसळण्याच्या पिंपाचें झांकण व त्याची रवी ती मागून घेते. झांकण मेजावर शोभेला ठेवावयाचें आहे, रवीचें काय करावयाचें तें पुढें सुचेल. मग आईच्या खाटेच्या पायथ्याशीं असलेली पेटी उघडून ती दोन जुन्या गोधड्या बाहेर काढते. आजीनें त्यांचे तुकडे जोडले होते. आजीच्या पश्चात् आई आणि मावशी यांनीं ओसरीवर चौकट टांगून त्या शिवून पुऱ्या केल्या. त्यांत आजीनें पन्नास वर्षांपूर्वीं घातलेल्या झग्यांचे तुकडे आहेत, आजोबांच्या सदऱ्यांचे आहेत, आणि काड्यापेटीएवढा एक फिका निळा तुकडा पणजोबांनीं यादवी युद्धांत घातलेल्या गणवेशाचा आहे. त्या गोधड्या आईनें मॅगीच्या लग्नासाठीं कबूल केल्या आहेत. डी म्हणते, मॅगी त्या रोज वापरून त्यांच्या चिंध्या करील. तूं काय करशील, असें आई विचारते. टांगून ठेवीन, हें तिचें उत्तर. मॅगी खालच्या आवाजांत सांगते कीं ताईला नेऊं द्या, मला आजीची आठवण गोधडीवांचूनही आहे. तेव्हां आईच्या अंगांत कसलासा संचार होतो. ती गोधड्या डीच्या हातांतून ओढून मॅगीच्या मांडीवर टाकते.

या कथेवर सामान्यतः जो निकाल दिला जातो तो असा : डी दोषी, मॅगी निर्दोष, आईनें न्याय केला. वाचकही त्या क्षणीं मनांतल्या मनांत टाळी देतो. ही टाळी फार स्वस्त आहे, असें आमचें म्हणणें आहे.

कथेंतील एका लहान वाक्याकडे लक्ष द्यावें. डी शिकावयास निघाली तेव्हां आईनें तिला एक गोधडी देऊं केली होती आणि डीनें ती जुनाट म्हणून नाकारली होती. ही गोष्ट आईच्या ओठांवर येते, पण ती बोलत नाहीं. सारी कथा या न बोललेल्या वाक्यावर उभी आहे. आज जी मुलगी गोधडीसाठीं भांडते तिला ती एकदां आपण होऊन मिळत होती, आणि तीही विद्येच्या उंबरठ्यावर, म्हणजे जेथें आजच्या अमेरिकन माता आपली भेट देतात त्याच्या अगदीं जवळ. त्या वेळीं तिनें ती कां नाकारली, हें समजावयास मराठी वाचकास फार कष्ट पडूं नयेत. आपल्याकडे पदवीच्या दिवशीं गोधडी देण्याची चाल नाहीं. गोधडी येते ती बाळाबरोबर, दुपट्याच्या रूपानें. परंतु विद्या आणि गोधडी यांची गांठ आपल्याकडेही पडत असे, ती वळकटींत. कोंकणांतून आगबोटीनें मुंबईस किंवा देशावरच्या खेड्यांतून पुण्यास शिकावयास निघालेल्या मुलाच्या वळकटींत आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी असे. शेजारच्या खाटेवरील स्वच्छ गादी-चादर पाहिल्यावर ती उलगडतांना त्याचा हात अडखळे. पहिल्या सुटींत ती घरीं परत नेऊन ठेवणारे आणि उतारवयांत तिच्यावरच गहिंवरून लेख लिहिणारे गृहस्थ पुष्कळदां एकच असत! दारिद्र्य जवळ असतांना गोधडी हें त्याचें चिन्ह असतें. तें दूर गेलें म्हणजे तीच गोधडी प्रेमाचें चिन्ह होते. डीचा गुन्हा एवढाच कीं हा प्रवास तिनें फार थोड्या वर्षांत केला.

शिवाय तिला टांगण्याची कल्पना आभाळांतून सुचलेली नाहीं. १९७१ सालीं न्यू यॉर्कच्या व्हिट्नी संग्रहालयांत जोनाथन होल्स्टीन व गेल व्हॅन डर हूफ यांनीं जमविलेल्या जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांप्रमाणें भिंतीवर टांगून दाखविण्यांत आल्या, आणि कलेच्या जाणकारांनीं त्यांत आधुनिक चित्रकलेचे गुण पाहिले. कथा छापली गेली ती त्यानंतर दोनच वर्षांनीं. त्या प्रदर्शनांत रंग आणि आकृति यांचा गौरव झाला, पण बहुतेक गोधड्या कोणाच्या हातच्या हें सांगतां येत नव्हतें. डीच्या बाजूनें एवढें तरी म्हटलेंच पाहिजे कीं, तिला टांगावयाच्या गोधडीची कर्ती ठाऊक आहे. ती तिची आजी आहे.

आणखीही एक मुद्दा तिच्या बाजूचा आहे, आणि टीकाकार तो सहसा मांडीत नाहींत. गोधड्या फाटल्या तर काय, असें डी विचारते तेव्हां आई सांगते कीं मॅगी नव्या शिवील, तिला येतें. उत्तर मोठें बाणेदार आहे. पण पणजोबांच्या गणवेशाचा निळा तुकडा मॅगीला नव्यानें शिवतां येणार नाहीं. निळा रंग यादवी युद्धांत उत्तरेच्या सैन्याचा होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या काड्यापेटीएवढ्या कापडाचें वजन कळतें. ज्या लोकांस पिढ्यान् पिढ्या गुलाम म्हणून विकलें गेलें, ज्यांस लिहावयास शिकविणें अनेक राज्यांत कायद्यानें गुन्हा होता, त्यांच्या घरीं सनदा आणि बखरी कोठून असणार? तो तुकडा हीच त्यांची सनद. ती धुण्याच्या दगडावर आपटावी काय, हा प्रश्न डीनें उर्मटपणें विचारला म्हणून तो खोटा ठरत नाहीं.

मग आमचा कौल डीच्या बाजूनें आहे काय? नाहीं. तो कां नाहीं, हें सांगण्यासाठीं कथेंतील आमच्या मतें सर्वांत सुंदर अशा जागेकडे वळलें पाहिजे. मुलीचा हट्ट मोडावा म्हणून आई तिला दुसऱ्या गोधड्या देऊं करते. डी त्या नको म्हणते. त्यांच्या कडा यंत्रावर शिवलेल्या आहेत. आई म्हणते, त्यानें तर त्या अधिक टिकतील. डी उत्तर देते कीं मुद्दा तो नव्हेच. येथें दोन जगें समोरासमोर येतात, आणि लेखिका एका शब्दानेंही मध्यें पडत नाहीं. आईच्या लेखीं शिवण ही गोधडी टिकविण्यासाठीं असते. हातानें घातलेला टांका म्हणजे यंत्र नव्हतें म्हणून घातलेला टांका. डीच्या लेखीं गोधडी ही टांका दाखविण्यासाठीं असते. आज जी माता 'हातची' गोधडी म्हणून पदवीधर मुलाला अभिमानानें देते, ती नकळत डीच्याच पंथाची आहे. आजीला यंत्र मिळालें असतें तर तिनें तें आनंदानें चालविलें असतें. हाताच्या श्रमाला पूज्य मानण्याची सोय, ज्याला ते श्रम करावे लागत नाहींत, त्यालाच असते.

परंतु डीला सुई धरतां येत नव्हती, असें समजूं नये. आईला कोणीं दिलेला जुना पोशाख मोडून त्याचा हिरवा सूट तिनें स्वतः शिवला होता, आणि हायस्कूलच्या पदवीच्या दिवशीं तिला पिवळा ऑर्गंडीचा झगा हवा होता, असें आईच सांगते. जुन्यांतून नवें काढण्याची गोधडीची विद्या तिला पुरती अवगत आहे. ती तिनें अंगावर घालावयाच्या वस्तूंत वापरली, अंथरावयाच्या वस्तूंत नाहीं. मग तिच्याजवळ नाहीं तें काय? चौकटीजवळची बैठक. आजीनें आणि मावशीनें गोधडी शिवावयास शिकविलें तें मॅगीला, असें कथा स्पष्ट सांगते. तेथें टांक्याबरोबर बोलणें चालतें, हा तुकडा कोणाचा, तो कोणाला मिळाला, कोणीं फाडला, हें सांगितलें जातें. म्हणूनच रवी कोणीं कोरली हें डीचा मित्र विचारतो आणि मॅगी हलक्या आवाजांत सांगते. वाचतां येणारी गप्प राहते. अडखळत वाचणारी सांगते.

गोधडी वाचतां येणें ही कल्पना अमेरिकन वाङ्मयांत नवी नाहीं. सुसान ग्लास्पेल यांच्या १९१६ सालच्या 'ट्रायफल्स' या एकांकिकेंत, व तिच्यावरूनच १९१७ सालीं त्यांनीं लिहिलेल्या कथेंत, नवऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून अटकेंत असलेल्या एका शेतकरणीच्या घरीं शेरीफ आणि सरकारी वकील पुरावा शोधीत हिंडतात. त्यांच्याबरोबर आलेल्या दोघी बायकांस तिच्या अर्धवट गोधडीच्या एका चौकोनांतील टांके एकाएकीं वेडेवांकडे झालेले दिसतात, आणि तिच्या मनाची दशा त्यांस त्या टांक्यांतून कळते. पुरुष मात्र, ही बाई गोधडी धावदोऱ्यानें शिवणार होती कीं गांठी मारून, हें बायकांचें बोलणें ऐकून हंसतात आणि पुढें जातात. वॉकरबाईंनीं हेंच सूत्र अधिक कठीण करून घेतलें. त्यांच्या कथेंत न वाचतां येणारा पक्ष पुरुषांचा नाहीं. तो शिकलेल्या मुलीचाच आहे.

आणि त्याचा दोष एकट्या मुलीकडे जात नाहीं. आईनें आपलें धन फार पूर्वींच वांटून टाकलें होतें. एकीला शाळा दिली, दुसरीला चौकट दिली. डी पुस्तकें मोठ्यानें वाचून दाखवी तेव्हां मायलेकी तिच्या आवाजाखालीं कोंडल्यासारख्या बसत. मॅगीला शाळेंत पाठविण्यासाठीं चर्चनें पैसे जमविल्याचें कथेंत कोठें दिसत नाहीं. गोधड्यांवरून झालेलें भांडण म्हणजे या जुन्या वांटणीचा केवळ उशिरा फुटलेला फोड आहे. शेवटीं आई गोधड्या मॅगीला देते तेव्हां ती न्याय करीत नसून जुनीच वांटणी पक्की करीत आहे, असें आम्हांस वाटतें : शाळेवालीनें शाळा घेऊन जावें, चौकटवालीनें चौकट घेऊन राहावें. मॅगीला गोधडी मिळाल्याचा आनंद आम्हांसही होतो. पण तिला त्याखेरीज दुसरें कांहीं मिळत नाहीं, हें त्या आनंदांत विसरलें जातें.

लेखिकेनें येथें थोडा पक्षपातही केला आहे. डीला काळा चष्मा दिला, अवघड नांव दिलें, कॅमेरा दिला, हंसण्याजोगा मित्र दिला. तिच्या तोंडीं एकही वाक्य असें घातलें नाहीं कीं ज्यानें वाचकाचें मन द्रवावें. नांवाची गोष्ट घ्या. ज्यांनीं आपल्या लोकांस छळलें त्यांनीं दिलेलें नांव नको, असें ती म्हणते, आणि आई शांतपणें दाखवून देते कीं हें नांव मावशीवरून व तिचें आजीवरून आलेलें आहे. आजीचें नांव टाकून आजीची गोधडी मागणारी मुलगी, हा उपरोध बिनतोड आहे. परंतु त्या वर्षांत अमेरिकेंतील अनेक कृष्णवर्णीय तरुणांनीं नांवें बदललीं तीं सारींच नटण्यासाठीं नव्हेत. त्यामागें खरी जखम होती. तिची दखल कथेनें घेतली असती तर डी अधिक मोठी झाली असती, आणि आईचा विजयही.

हा पक्षपात अधिकच नजरेंत भरतो, कारण वॉकरबाई स्वतः डीच्या वाटेनें गेलेल्या आहेत. १९४४ सालीं जॉर्जियांतील ईटनटन या गांवीं एका खंडकरी शेतकऱ्याच्या घरीं त्या जन्मल्या, शिकावयास प्रथम अटलांटाला व मग न्यू यॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजांत गेल्या. दुसऱ्यांच्या घरीं राबणाऱ्या त्यांच्या आईनें त्यांस तीन वस्तु दिल्या होत्या, असें त्यांनीं सांगितलें आहे : स्वतःचे कपडे शिवावयास शिवणयंत्र, जग हिंडावयास प्रवासी पेटी, आणि लिहावयास टंकयंत्र. शिकणाऱ्या मुलीला मिळालेल्या भेटींत याहून शहाणी भेट आम्हांस ठाऊक नाहीं. त्या माउलीनें शाळा आणि सुई यांची वांटणी केलीच नाहीं. एकाच मुलीला दोन्ही दिलीं, आणि जाण्याची परवानगीही दिली. कथेंतली आई हें करीत नाहीं. म्हणूनच ही कथा मॅगीनें लिहिलेली नाहीं. ती लिहिली दुसऱ्या कोणा डीनें, जिला परत येऊन चौकटीशीं बसावेंसें वाटलें. १९८२ सालच्या 'द कलर पर्पल' या त्यांच्या कादंबरींत, जिला पुढल्या वर्षीं पुलित्झर पारितोषिक मिळालें, दोन दुखावलेल्या स्त्रिया फाटलेल्या पडद्यांची गोधडी मिळून शिवूं लागतात आणि त्यांच्यांतील दुरावा जातो. त्या कादंबरींत चौकट आहे, बैठक आहे, आणि टांगण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

पांघरावयाची कीं टांगावयाची, हें द्वंद्वच मुळांत कच्चें आहे, हें कथेच्या बाहेर एका खऱ्या गोधडीनें दाखविलें आहे. अलाबामा नदीच्या वळणांत गीज बेंड नांवाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारल्यावर १९४२ सालीं तिनें त्याचे शेतांत घालावयाचे कपडे उसवून त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि तिच्याखालीं निजतां यावें, असा तिचा दुहेरी उद्देश होता, असें पुढें तिच्या मुलीनें सांगितलें आहे. गुडघ्यांच्या जागीं विटलेलें, खिशांच्या जागीं गडद राहिलेलें तें कापड २००२ सालीं ह्यूस्टन येथें भरलेल्या गीज बेंडच्या गोधड्यांच्या प्रदर्शनांत टांगलें गेलें, आणि पुढें तें प्रदर्शन त्याच व्हिट्नी संग्रहालयांत आलें. या वेळीं शिवणाऱ्या बायकांचीं नांवें गोधड्यांबरोबर होतीं. आधीं निजून, मग टांगून; आठवण आणि ऊब यांत त्या विधवेला निवड करावी लागली नाहीं. कथेंतील आईनें मात्र गोधड्या ना पांघरल्या, ना टांगल्या, पेटींत ठेवल्या. मॅगीच्या वापराचें समर्थन करतांना, कोणी न वापरतां त्या किती वर्षें पडून आहेत, असें तीच म्हणून जाते. वाचक तें वाक्य हंसून सोडतो. आमच्या मतें तिथें ती स्वतःविरुद्ध साक्ष देते.

आतां पदवीच्या भेटीकडे थोडें परत जाऊं. अमेरिकन माता मुलाला पुरी झालेली गोधडी देते. बहुधा ती त्याला अचंबा वाटावा म्हणून लपूनछपून शिवते. आम्हांस हें लपविणेंच खटकतें. चार वर्षें घरांत असलेल्या मुलाला एकदांही चौकटीशीं बसविलें नाहीं, आणि निघतांना चौकटीचें फळ त्याच्या हातीं दिलें, तर तो तें भिंतीवर लावील किंवा पेटींत ठेवील. दुसरें तो काय करणार? मुलगे तर या विद्येपासून दोन्ही देशांत सारखेच दूर ठेवलेले. मुलगी डी झाली तर निदान कथा होते. मुलगा डी झाल्याचें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

या कथेचें मराठी करूं इच्छिणाराची वाट सोपी नाहीं. नांवापासूनच अडचण आहे. 'रोजचा वापर' म्हटलें तर भांड्यांच्या दुकानाची पाटी वाटते. 'पांघरूण' म्हटलें तर आईच्या तोंडचा वापराचा मुद्दा निसटतो. क्विल्टला रजई म्हणावें तर ती बाजारांतून आली, दुलई म्हणावें तर ती श्रीमंताच्या पलंगावर गेली. आम्ही स्वतः वाकळ हा शब्द घेऊं, कारण आईची वाणी ग्रामीणच ठेवावी लागेल. डीच्या तोंडचा 'हेरिटेज' हा शब्द मात्र 'सांस्कृतिक वारसा' असाच जड ठेवावा. वारसा म्हटलें कीं आपल्याकडे आधीं कोर्ट आठवतें, आणि डीच्या मनांतही हक्काची भाषा आहेच. शेवटच्या प्रसंगीं, डी निघून गेल्यावर, आई मॅगीकडून चिमूटभर स्नफ मागून घेते आणि दोघी निजावयाची वेळ होईपर्यंत अंगणांत नुसत्या बसून राहतात. तेथें भाषांतरकारानें तपकीर हा शब्द घालूं नये. तपकीर म्हटली कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें नाक येतें. ही ओठाखालीं धरावयाची आहे, आणि ती धरली म्हणजे बोलतां येत नाहीं.